झाडावरून ओंडके दोराने उतरवण्याची साधनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या कौलांवर, सोसायटीच्या पार्किंगवर किंवा विजेच्या तारांवर झुकलेलं झाड एका दमात आडवं पाडता येत नाही. चढणारा माणूस वरून तुकडे कापत येतो आणि प्रत्येक तुकडा दोराला बांधून, खालच्या माणसाच्या ताब्यात, हळूहळू जमिनीवर येतो. या कामाला आता आपल्याकडेही सर्रास रिगिंग म्हणतात. दोराला आवर घालणारं जे साधन बुंध्याशी बांधतात, त्याला आमच्या गँगमध्ये नुसतं ‘ड्रम’ म्हणतात. इथेही तोच शब्द ठेवला आहे. मी पुण्यात आणि कोकणात हे काम करतो. नवीन गँगवाले, उद्यान खात्याचे ठेकेदार आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत.

ड्रम कशाला हवा? आम्ही खोडालाच दोराचे वेढे देतो.

तत्त्व तेच आहे. दावं खुंट्याला दोन वेढे देऊन धरलं की अख्खा बैल एका हाताने आवरतो, हे गावाकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. ओंडकाही तसाच आवरतो. अडचण खोडाच्या सालीत आहे. बाभळीची किंवा आंब्याची खरखरीत साल दोराला जागोजाग वेगळी पकडते. दोर अडकतो, मग एकदम सुटतो, पुन्हा अडकतो, आणि दर हिसक्याला वर चढलेल्या माणसाचं खोड हलतं. निलगिरीसारखी गुळगुळीत साल त्याच दोन वेढ्यांत काहीच धरत नाही. एका झाडावर बसलेला हाताचा अंदाज दुसऱ्या झाडावर चालत नाही.

ड्रमचा पृष्ठभाग मात्र रोज सारखाच असतो. तुम्ही मुख्यतः पैसे मोजता ते या सारखेपणासाठी. शिवाय दोराच्या तंतूंना सालीची इजा होत नाही, आणि झाड छाटून जगवायचं असेल तर सालही सोलली जात नाही.

ड्रमवर कोरलेला आकडा कसा वाचायचा?

आधी पाहा की तो तुटण्याचा आकडा आहे की कामाचा. काही साधनांवर किलोन्यूटनमध्ये तुटण्याची ताकद असते. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलो. काहींवर सुरक्षित कामाचा भार असतो, जो तुटण्याच्या ताकदीच्या काही पटींनी कमी धरलेला असतो. धातूच्या साधनांना बहुधा पाच पट आणि दोराला दहा पट अंतर ठेवतात. ‘५० किलोन्यूटन’ वाचून पाच टनांचा ड्रम समजणारे लोक मी पाहिले आहेत. तो आकडा तुटण्याचा असेल तर कामासाठी एक टनच हाती उरतो.

दोराची कमाल आणि किमान जाडीही त्याच्याबरोबर लिहिलेली असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. १६ मिमी दोरासाठी बनवलेल्या ड्रमवर १० मिमी दोर लावला तर वेढे एकमेकांवर चढतात. मग भार असताना दोर सुटतच नाही, आणि ओंडका अर्ध्यात लटकून राहतो.

ज्या साधनावर कुठलाच आकडा नाही, ते मी डोक्यावरच्या भारासाठी वापरत नाही.

ओंडका १०० किलोचा आणि ड्रम १००० किलोचा. मग काळजी कसली?

या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

ओंडका दोराला बांधून शांतपणे लटकत असेल तरच तो १०० किलोचा असतो. खोडाचे तुकडे वरून कापत येताना कप्पी, म्हणजे ओंडक्याचा दोर जिच्यावरून वळून ड्रमकडे उतरतो ते चाक, कापाच्या खाली बांधलेली असते. कापलेला तुकडा आधी बाजूला कलंडतो, कप्पीच्या खाली जातो आणि मग दोर त्याला पकडतो. मीटर-सव्वा मीटरच्या तुकड्याला, दोरात थोडी ढील धरून, सहज २ मीटरचं मोकळं पडणं मिळतं.

आता हिशेब करा. २ मीटर पडलेला तुकडा पुढच्या १ मीटरमध्ये थांबवला, तर त्या मीटरभर दोरावर सरासरी ताण वजनाच्या तिप्पट येतो, म्हणजे ३०० किलो. खालच्या माणसाने घाबरून दोर गच्च आवळला आणि तुकडा २५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर ताण नऊपट, म्हणजे ९०० किलो. ही सरासरी झाली, क्षणिक झटका याहून मोठा असतो. कप्पीवर तर ओंडक्याकडचा आणि ड्रमकडचा असे दोन्ही दोर खाली ओढतात, त्यामुळे तिथे जवळपास दुप्पट भार पडतो. १०० किलोच्या तुकड्याने ज्या खोडाला माणूस बांधलेला आहे त्याच खोडावर पावणेदोन टनांचा हिसका बसतो.

म्हणून ड्रम निवडताना तो किती धरतो याच्या आधी तो कसा सोडतो हे विचारा. ताणाखाली दोर सरळ, अखंड सरकू देऊन हळूहळू थांबवणं हे त्याचं मुख्य काम आहे. धरून ठेवणं कुठल्याही खुंट्याला जमतं.

ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने आणि फॉरेस्ट्री कमिशनने २००८ मध्ये झाडं तुकड्यांनी उतरवण्याच्या पद्धतींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. या धंद्यातल्या अंदाजांना आकड्यांचा आधार देणाऱ्या महत्त्वाच्या कामांपैकी तो एक आहे. झाडावर येणाऱ्या झटक्यांचा विचार त्यात सविस्तर केला आहे.

आणखी एक गोष्ट. तुकड्याची लांबी निम्मी केली की वजन निम्मं होतं आणि पडण्याचं अंतरही घटतं. झटका निम्म्याहूनही खाली येतो. नवा ड्रम घेण्याआधी करवतीचा एक काप जास्त मारून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

वजनाचा अंदाज झाडावर बसून कसा घ्यायचा?

ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरा, म्हणजे घनमीटरला १००० किलो. चिंच, बाभूळ अशा जड लाकडाला १२०० धरलेलं बरं. ३० सेंमी व्यासाचा २ मीटर ओंडका सुमारे १४० किलो, ४० सेंमीचा १.२ मीटर ओंडका १५० किलो, ६० सेंमीचा दीड मीटर ओंडका सव्वाचारशे किलो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं, आणि नजर नेमकी इथेच फसते. शेंड्याकडून खाली येताना हात एका लांबीला सरावलेला असतो, तुकडा मात्र कधी तिप्पट जड झाला ते कळत नाही.

मी आमच्या पोरांना हे आकडे हेल्मेटच्या आत चिकटवायला लावतो.

बाजारात कोणकोणते प्रकार मिळतात आणि कुठला कशाला योग्य?

सगळ्यात साधा म्हणजे लोंबता ड्रम, परदेशात पोर्टारॅप म्हणतात तो. पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा पोकळ नळा, त्याला एक-दोन खुंट्या, आणि बुंध्याला बांधण्यासाठी स्लिंग, म्हणजे जाड, मजबूत दोराचा तुकडा. दोन-चार किलोचा असतो आणि पिशवीत मावतो. वेढे भराभर घालता-काढता येतात आणि खुंटीवर दोर अडकवून थांबता येतं. गँगचा पहिला ड्रम हाच असावा असं माझं ठाम मत आहे. त्याचा दोष असा की दोर वरून येत असल्याने ताण आला की ड्रम वर ओढला जातो आणि ताण गेला की धपकन खाली पडतो. स्लिंग ढिली असेल तर गुळगुळीत बुंध्यावरून ती वर सरकते. त्यामुळे ती बुंध्याला नुसती गुंडाळून भागत नाही, ताणाबरोबर आवळत जाणारा फासच हवा. शिवाय दोरातली ढील या ड्रमने फारशी काढता येत नाही, आणि ढील म्हणजे पडण्याचं जादा अंतर.

दुसरा प्रकार बुंध्याला पट्ट्याने घट्ट आवळलेला पक्का ड्रम. तो हलत नाही आणि दोर ज्या दिशेने यायला हवा त्या दिशेनेच येतो. काहींमध्ये खटका असतो, त्यामुळे दोर एका दिशेने ओढून ढील काढता येते. जाड खोडांच्या रोजच्या कामाला हा उत्तम, पण झाडागणिक बांधायला वेळ लागतो आणि पट्टा उन्हाने कुजतो.

तिसरा, विंच म्हणजे दांडा फिरवून दोर खेचणारं यंत्र असलेला. अमेरिकेतल्या ग्रेग गुड यांनी बनवलेली जीआरसीएस (गुड रिगिंग कंट्रोल सिस्टिम) ही त्यातली प्रसिद्ध रचना. तिच्यावर शिडाच्या बोटींसाठी विंच बनवणाऱ्या हार्कन कंपनीचा विंच बसवलेला असतो. तिने भार उतरवता येतोच, शिवाय काप मारण्याआधी दोर आवळून फांदी थोडी वर उचलून धरता येते. छपरावर आडव्या गेलेल्या फांदीला हा मोठाच फायदा आहे, कारण मोकळं पडणंच होत नाही. पण विंचच्या दांड्याने हाताची ताकद अनेक पटींनी वाढते आणि फांदी कुठे अडकली असेल तरी माणूस ओढतच राहतो. कप्पीखालचं लाकूड करकरलं तरी दांडा फिरवणाऱ्याला ते हाताला जाणवत नाही. हे साधन अनुभवी माणसाच्याच हाती द्यावं.

चौथा प्रकार वर झाडातच घर्षण देणाऱ्या कड्यांचा, म्हणजे स्लिंगला शिवलेल्या गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या कड्यांचा. कप्पी फिरते, कडं फिरत नाही, म्हणून थोडा ताण वरच खाल्ला जातो. खालच्या माणसाला कमी धरावं लागतं आणि वरच्या टोकावरचा भार दुपटीहून कमी होतो. याची दुसरी बाजू लोक विसरतात. कप्पीवर झटका बसला की ड्रमपर्यंतचा सगळा १५-२० मीटर दोर ताणला जाऊन तो पचवतो. कड्यांत घर्षण जास्त असल्याने ओंडक्याकडचा मीटर-दोन मीटरचा तुकडाच जास्त सोसतो. लहान फांद्यांना कडी छान. खोडाचे मोठे तुकडे उतरवताना मी कप्पीच लावतो.

झाडाच्या बेचक्यातून नुसता दोर टाकायची जुनी पद्धत तत्त्वाने कड्यांसारखीच आहे, फक्त तिथलं घर्षण आपल्या ताब्यात नसतं.

ड्रम त्याच झाडाला बांधायचा की शेजारच्या?

शक्यतो त्याच झाडाच्या बुंध्याला. मग दोर खोडाला समांतर उतरतो आणि सगळा जोर खोडाला खाली दाबतो. दाब झाड चांगला सोसतं. शेजारच्या झाडाला ड्रम बांधला की दोन दोरांमधला कोन उघडतो आणि कप्पीवरचा एकूण भार थोडा घटतो, पण खोड बाजूला वाकवलं जातं. बारीक, उंच खोडाला हे वाकणं जास्त घातक. बुंधा कुजलेला असेल किंवा खालच्या माणसाला ओंडक्यांपासून लांब उभं करायचं असेल, तरच मी दुसरं झाड घेतो.

आमच्या ओळखीचा फॅब्रिकेशनवाला जाड पाइपला दांडे वेल्ड करून हुबेहूब ड्रम बनवून देतो. चालेल का?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तो रास्त आहे. परदेशी साधन मागवायला पैसा आणि वेळ दोन्ही लागतात. तरीही माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

कारागिरीवर माझा अविश्वास नाही. मी स्वतः सुरुवातीला असा ड्रम दोन हंगाम वापरला. दिसायला सुंदर होता. तिसऱ्या हंगामाआधी रंग खरवडला, तेव्हा खुंटीच्या मुळाशी नखाएवढी चीर दिसली. वेल्ड वरून भरलेलं होतं, आत धातू एकजीव झालाच नव्हता. त्या ड्रमपाशी आमचा माणूस उभा राहायचा. वेल्डच्या आत काय आहे ते डोळ्याला दिसत नाही आणि एकदा भार टांगून बघितल्यानेही पुरेसं कळत नाही, कारण झटक्यांनी चीर हळूहळू वाढते.

पाइपचा आणखी एक दोष आहे. बाहेरून रंग किंवा गंज, कडांना धार, आणि पाइपची लांबलचक शिवण. हे सगळं दोर खातं. बनवूनच घ्यायचा असेल तर शिवण नसलेला पाइप, पात्र वेल्डर, वेल्डची रीतसर तपासणी आणि सक्षम व्यक्तीकडून भार-चाचणीचं लेखी प्रमाणपत्र, एवढं सगळं हवं. हे करता करता खर्च विकतच्या ड्रमच्या जवळ जातो. त्यापेक्षा दोन गँगनी मिळून एक चांगला घ्यावा.

वेढे किती घालायचे?

घर्षण वेढ्यांगणिक बेरजेने वाढत नाही, पटीने वाढतं. ड्रम आणि दोर यांच्यातलं घर्षण मध्यम, म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२, धरलं तर एक पूर्ण वेढा हाताचा जोर साडेतीन पट करतो, दोन वेढे बारा पट, तीन वेढे तब्बल त्रेचाळीस पट. १५० किलोचा लटकता ओंडका दोन वेढ्यांवर १२ किलोच्या जोराने धरता येतो. घर्षण घटून ०.१५ झालं तर त्याच दोन वेढ्यांना २३ किलो लागतात, आणि ०.२५ झालं तर साडेसहाच. दोर नवा की जुना, कोरडा की ओला, एवढ्यानेही हा फरक पडू शकतो.

म्हणून मी ठरावीक आकडा सांगत नाही. त्याच झाडाची एक हलकी फांदी आधी उतरवा आणि हाताला काय लागतं ते बघा. मग तुकडे जड होत जातील तसा अर्धा-अर्धा वेढा वाढवा. कमी वेढ्यांनी दोर हातातून पळतो, हे सगळ्यांना कळतं. जास्त वेढ्यांनी दोर सरकतच नाही आणि तो नऊपटीचा झटका बसतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. आमच्याकडे वरच्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा दुसऱ्या चुकीची असते.

ड्रमच्या जाडीचा या पटीशी संबंध नाही. जाड ड्रमचा फायदा वेगळा आहे. दोर कमी वाकतो, जास्त टिकतो आणि उष्णता पसरते.

दोर कुठला?

दुहेरी विणीचा पॉलिएस्टर. १६ मिमीच्या चांगल्या दोराची तुटण्याची ताकद सात टनांच्या आसपास असते, म्हणजे दहाव्या हिश्शाने कामाला ७०० किलो. गाठीने त्यातला तिसरा हिस्सा तरी जातो. वरच्या हिशेबातला ३०० किलोचा ताण यात बसतो, ९०० किलोचा बसत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर ड्रमवर लावू नका. तो पॉलिप्रॉपिलिनचा असतो आणि १६५ अंशांच्या आसपास वितळतो. पॉलिएस्टर २५० अंशांपुढे वितळतो. काथ्याचा दोर वितळत नाही, पण आतून कधी कुजला ते सांगत नाही. डायनीमासारखा फार मजबूत दोर स्लिंगसाठी ठीक, ड्रमवर चालत नाही. तो १५० अंशांच्या आतच वितळतो आणि ताणतही नाही, त्यामुळे झटका जसाच्या तसा झाडाला पोचतो.

ड्रम खूप तापतो. पोलादी घ्यावा की ॲल्युमिनियमचा?

उतरणाऱ्या ओंडक्याची सगळी शक्ती शेवटी उष्णता होते. १५० किलो १० मीटर खाली आला की सुमारे १५ किलोज्यूल. ही सगळी ३ किलोच्या ॲल्युमिनियमच्या ड्रममध्ये गेली तर तो साधारण साडेपाच अंशांनी तापतो. ४ किलोचा पोलादी ड्रम सात-साडेसात अंशांनी. एकाला काहीच वाटत नाही. पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ४४ अंशांत काम सुरू करून लागोपाठ दहा ओंडके उतरवले की हात लावता येत नाही, आणि जिथे दोर घासतो तिथला पृष्ठभाग या सरासरीहून बराच गरम असतो. दोर चकचकीत, कडक लागला की समजा की वरचे तंतू भाजले.

ॲल्युमिनियम उष्णता लवकर पसरवतं आणि हलकं असतं, पण त्यात खाचा लवकर पडतात. पोलाद टिकतं. खारी हवा असलेल्या कोकणपट्टीत गंजरोधक पोलाद किंवा चांगला मुलामा असलेलंच घ्या. रोजचं जड काम असेल तर माझी पसंती पोलादाला. उन्हात गाडीच्या टपावर ड्रम ठेवू नका, आणि तापलेल्या ड्रमवर दोर गुंडाळून जेवायला जाऊ नका.

पावसात आणि चिकाच्या झाडांवर काय फरक पडतो?

मुंबई-पुण्यातलं बरंचसं काम मे आणि जूनमध्येच येतं, त्यामुळे पाऊस टळत नाही. ओल्या दोराची पकड बदलते आणि दोन सरींमध्ये पुन्हा बदलते. म्हणून पावसात प्रत्येक थांब्यानंतर हलकी फांदी उतरवून हात पुन्हा बसवायचा. नायलॉनचा दोर भिजला की त्याची ताकदही काहीशी घटते, पॉलिएस्टरची फारशी नाही.

वड, उंबर, फणस यांचा चीक पावसाहून त्रासदायक. तो दोरातून ड्रमवर येतो, आधी निसरडा लागतो आणि वाळला की चिकट. मध्येच दोर अडकून हिसका बसतो. दर तासाला कोरड्या फडक्याने ड्रम पुसायचा आणि संध्याकाळी दोर कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवायचा. पेट्रोलने दोर पुसणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका.

चेन पुली आहे. तिनेच उतरवलं तर?

चेन पुली स्थिर भार इंच-इंच उचलायला आणि उतरवायला बनवली आहे. साखळी ताणत नाही, सरकू देत नाही. त्यामुळे पडणारा तुकडा तिच्यावर घेणं म्हणजे सगळा झटका झाडाला देणं. आधी आवळून, मग कापून, लटकता भार हलवायचा असेल तिथे ती कामाची. कप्पीवरून पडते तुकडे घ्यायला नाही.

नारळाच्या माडाला हीच पद्धत चालते का?

चालते, पण माडाचे स्वभाव वेगळे. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरुड, अलिबागकडे घरांवर कललेले माड उतरवताना हे सगळ्यांना कळलं. माडाला फांदी नाही, बेचकं नाही, त्यामुळे कप्पी खोडालाच बांधावी लागते. सालही पकड देत नाही. म्हणून स्लिंगचे दोन-तीन आवळे जास्त घ्यायचे. माडाचं खोड चांगलंच डोलतं. झावळ्यांचा जड शेंडा सुटला की ते उलट्या बाजूला झेप घेतं आणि वरचा माणूस त्याच्याबरोबर जातो. शेंडा एकदम न काढता आधी नारळ, मग झावळ्या एकेक करून उतरवा. खोडाचे तुकडे मीटरभराहून लांब नकोत. पाव मीटर व्यासाचा मीटरभर तुकडासुद्धा ५० किलोचा असतो.

मेलेल्या माडावर कुणी चढू नये. तिथे क्रेन किंवा माणसाला वर उचलणारी बकेटची गाडी आणा.

नवा ड्रम घेताना किंवा दोन ड्रमांची तुलना करताना नक्की काय करून बघायचं?

आधी जमिनीवर. ड्रमवरून बोट फिरवा. धार, चीर, खडबडीत वेल्ड लागतं का? खुंटी पुरेशी लांब आहे का, की ताण गेल्यावर वेढा निसटेल? हातमोजे घालून वेढे घाला-काढा. डावऱ्या माणसाकडूनही करून घ्या. सूचनापुस्तिकेत कामाचा भार, दोराची जाडी आणि बाद करण्याच्या खुणा स्पष्ट लिहिल्या आहेत का ते वाचा. नसतील तर तिथेच थांबा.

मग निरोगी झाडावर ५-६ मीटर उंचीला कप्पी बांधा. झाडावर कुणी चढलेलं नसावं. भंगारवाल्याच्या काट्यावर तोललेला ५० किलोचा ओंडका आधी लावा, नंतर शंभरचा. त्याला टप्प्याटप्प्याने सोडा. दोर सुरू होताना हिसका देतो का, हे मी सगळ्यात आधी बघतो. काही ड्रम धरतात छान, पण सुटताना दचकतात. जमिनीपासून एक मीटरवर खूण करा आणि तिथेच थांबवायला सांगा. नवख्या माणसाला पाचव्या-सहाव्या प्रयत्नात ते जमत असेल तर साधन चांगलं. भार लटकता ठेवून खुंटीवर दोर अडकवा आणि दहा मिनिटं सोडून द्या. दोर सरकला का? मग पुन्हा मोकळा करा. ताणाखाली अडकवता येतो पण मोकळा करता येत नाही, अशी साधनंही असतात, आणि अशा वेळी माणूस खुंटीजवळ बोटं घालतो.

शेवटी दोर झटपट वर पाठवता येतो का ते पाहा. दिवसात चाळीस वेळा ते करायचं असतं. तिथे कंटाळा आला की माणसं वेढे कमी घालू लागतात.

क्रेनच्या हुकाला लावायच्या डिजिटल काट्याने झटका मोजायचा प्रयत्न आम्ही केला. तो आकडा सावकाश बदलतो, त्यामुळे क्षणिक टोक त्याला दिसतच नाही. लटकत्या भारासाठी ठीक, झटक्यासाठी त्यावर विसंबू नका.

तपासणी किती दिवसांनी? बाद कधी करायचा?

रोज सकाळी नजरेने आणि हाताने, आणि झटका बसला की लगेच. वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून लेखी. २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत फॅक्टरी कायदा, १९४८ मधल्या कलम २९ प्रमाणे कारखान्यातली उचल-साधनं, साखळ्या आणि दोर निदान बारा महिन्यांतून एकदा तपासावे लागत. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार स्लिंगसारख्या जोडसाधनांना सहा महिन्यांची मुदत आहे. आपलं काम कारखान्यात होत नसलं तरी त्याहून ढिली शिस्त ठेवायला मला काही कारण दिसत नाही.

ड्रमवर नखाला लागेल अशी खाच, वेल्डजवळ चीर, वाकलेली खुंटी, यातलं एकही दिसलं की बाद. घासून, रंगवून पुन्हा वापरायचा नाही. दोर बोटांतून वीतभर-वीतभर सरकवून बघा. मऊ पडलेली, बारीक झालेली किंवा काचेसारखी कडक जागा सापडली की तो रिगिंगमधून गेला. बाद झालेला दोर कापून टाका, नाहीतर तो महिन्याने दुसऱ्या कुणाच्या हाती दिसतो.

चढायचा हार्नेस, कॅराबिनर (खटक्याची कडी), दोर रिगिंगला वापरता येतील का?

नाही. उलटही नाही. दोन वेगळ्या रंगांच्या पिशव्या ठेवा.

खालच्या माणसासाठी काही नियम?

हातमोजे, हेल्मेट, दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. उरलेला दोर पायाशी वेटोळं करून न ठेवता बाजूला ताडपत्रीवर पसरायचा. उभं राहायचं ते ओंडक्याच्या खाली नाही आणि ताणलेल्या दोराच्या रेषेतही नाही.

आणि हाका. करवत चालू असताना ‘सोड’ आणि ‘ओढ’ हे दोन शब्द सारखेच ऐकू येतात, आणि त्यांचा अर्थ नेमका उलटा. आम्ही ‘ओढ’ बंद करून ‘खेच’ ठेवला. ‘सोड’, ‘थांब’, ‘खेच’ एवढे तीनच शब्द, आणि खालच्याने ऐकलेला शब्द परत उच्चारल्याशिवाय वरचा हलत नाही. गँगमध्ये कुणी मराठी न समजणारा असेल तर शिट्टीच्या खुणा ठरवा.

परवानगी लागते का?

हो. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष म्हणून त्यात आली. गोव्यात १९८४ चा वृक्षसंवर्धनाचा कायदा आहे. झाड तुमच्या आवारात असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी हातात आल्यावरच आम्ही दोर बांधतो.

झाड आतून पोकळ असेल तर जास्त ताकदीचा ड्रम घ्यावा का?

ड्रमची ताकद वाढवून झाडाची वाढत नाही. कप्पी ज्या लाकडाला बांधली आहे ते या साखळीतलं एकमेव अंग आहे ज्यावर कुणी आकडा कोरलेला नाही. आम्ही बुंध्यावर आणि कप्पीच्या जागी लाकडी मोगरीने ठोकून ऐकतो, मुळाशी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात का बघतो, जुन्या छाटणीच्या जखमा खणून बघतो. बद्द आवाज आला की त्या खोडावर पडते तुकडे घ्यायचे नाहीत. मग शेजारच्या सुदृढ झाडावर कप्पी नेता येते का ते पाहायचं, हायड्रा क्रेन किंवा बकेटची गाडी आत येते का ते मोजायचं, किंवा हाताने टाकता येतील एवढे वीतभर तुकडे करायचे. गेल्या वर्षी एका सोसायटीत गुलमोहराला आम्ही हेच केलं. दोन तासांचं काम दीड दिवस चाललं, आणि शेवटच्या कापानंतर बुंध्यात कोपरापर्यंत हात गेला.